दिल्ली ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. सपाट नकाशात लंडन दिल्लीच्या पश्चिमेला, जरासं वर दिसतं. गोल पृथ्वीवर मात्र सर्वांत जवळची वाट दिल्लीहून सरळ वायव्येकडे निघते.

आकडे विमानतळांचेच घ्या. दिल्ली २८.५७° उत्तर, ७७.१०° पूर्व, लंडनचा हीथ्रो ५१.४७° उत्तर, ०.४५° पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणून रेखांशांतला फरक ७७.५५°. इथे ०.४५ वजा केलं की उत्तर चुकतं.

आता दोन विमानतळांमधला, पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.३७४. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार ०.११८. बेरीज ०.४९२. याचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) सुमारे ६०.५°, हाच तो कोन. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर. भलतंच उत्तर आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे का ते आधी बघा.

पण ही रेघ पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्राचं उत्तर टोक, रशिया आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. म्हणून वळसा धरून ७,२०० किलोमीटर घ्या. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. अशा वेळी ओमानमधल्या मस्कतवरून वळसा धरून अंतर तुकड्यांत मोजावं: दिल्ली–मस्कत १,९६०, मस्कत–लंडन ५,८३०, एकूण ७,७९०. वरच्याच रीतीने दोन्ही तुकडे निघतात.

आता वेळ. बोइंग ७८७ चा हवेतला वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर. वरच्या थरांतले पश्चिमी वारे लंडनला जाताना समोरून येतात, हिवाळ्यात जास्तच जोराने. जाताना ८४० आणि येताना ९६० धरा. ७,२०० भागिले ८४० म्हणजे साडेआठ तासांहून थोडं जास्त. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरून सुमारे नऊ. मस्कतच्या वाटेने पावणेदहा. परतताना ७,२०० च्या वाटेने आठ. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, त्यात धावपट्टीपर्यंत सरकणं आणि रांगही येते. त्यासाठी आणखी २०–३० मिनिटं द्या.

सर्वाधिक गोंधळ घड्याळाचा होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ दिल्लीची आणि पोहोचण्याची लंडनची, त्यामुळे थेट वजाबाकी करू नये. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. दुपारी १ ला निघालेलं विमान साडेनऊ तासांनी टेकलं, तर दिल्लीत रात्रीचे साडेदहा झालेले असतात. लंडनमध्ये जानेवारीत संध्याकाळचे ५, जूनमध्ये ६. परतीला हाच फरक मिळवायचा आणि तारीख पुढे सरकते का तेही बघायचं. लंडनहून रात्री ८ ला निघून साडेआठ तास लागले, तर हिवाळ्यात दिल्लीत दुसऱ्या दिवशी सकाळी १०.