साक्षगंधाची हिऱ्याची अंगठी : या चुका टाळा

लग्नसराई आटोपून मृगाच्या पेरण्या सुरू झाल्या की साक्षगंधात घातलेल्या हिऱ्याच्या अंगठ्या माझ्या मेजावर परत येऊ लागतात. कुणाचा खडा हलत असतो, कुणाचा मळकट झालेला असतो, कुणाचा जागेवरच नसतो, आणि जवळजवळ प्रत्येक जण ‘हिरा खोटा निघाला का’ असेच विचारतो. तालुक्याच्या गावी दागिने दुरुस्त करायला बसून मला एकवीस वर्षे झाली, पण अशा तक्रारींत खडा खोटा निघाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. बिघडते ते हिऱ्याला धरून ठेवणारे सोने, आणि ते बिघडते याचे कारण असे की, बावीस कॅरेटच्या साध्या अंगठीवर पिढ्यान्‌पिढ्या जे प्रयोग केले तेच आपण अठरा कॅरेटच्या या नाजूक कामावरही करतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ओढणीचा धागा अडकू लागला तरी अंगठी तशीच वापरत राहणे. हिऱ्याला बहुधा चार किंवा सहा बारीक काटे धरून असतात. कारागीर त्यांना प्रॉंग म्हणतात. धागा अडकतो याचा अर्थ काट्याचे टोक हिऱ्यावरून उचलले गेले आहे. एका शेतकरी कुटुंबातील नवरदेवाने हा अडकणारा काटा ट्रॅक्टरच्या पेटीतल्या पकडीने घरीच दाबला. पंधरा दिवसांनी, चांगल्या दराची वाट पाहत घरातच साठवलेला कापूस गाडीत भरताना तीस सेंटचा तो हिरा पडला. तीस सेंट म्हणजे साठ मिलिग्रॅम, रुंदी जेमतेम सव्वाचार मिलिमीटर, म्हणजे सरकीच्या निम्म्याएवढा. दोन दिवस घरची सगळी माणसे कापूस पिंजत बसली आणि मग माझ्याकडे आली. मी त्यांना कापसाला हात न लावता रात्री दिवे मालवून जमिनीवर आडवी बॅटरी धरायला सांगितले, आणि उंबरठ्याच्या फटीत हिरा चमकला. भिंगाखाली पाहिले तर त्याच्या कडेचा टवका उडालेला होता. ‘हिरा तं घनानंबी फुटत नाही म्हंतेत ना?’ असे नवरदेवाने मला विचारले, तेव्हा काय बोलावे ते मला सुचेना.

हा समज किती मुरलेला आहे, याचे मला नेहमी नवल वाटते. विशेषतः ज्या विदर्भात वैरागडला एके काळी हिऱ्यांच्या खाणी होत्या, तिथे. हिरा कठीण आहे म्हणजे त्याच्यावर सहसा ओरखडा पडत नाही, एवढेच. त्याला फुटण्याच्या ठरलेल्या चार दिशा असतात, आणि त्यांपैकी एखाद्या दिशेने नेमका घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. त्या मुलाचा टवका मी नव्या काट्याखाली लपवला, पण त्यामुळे हिऱ्याचे मोल कमी झाले ते झालेच. माझी सवय अशी आहे की, महिन्यातून एकदा अंगठीवरून कोरड्या कापसाचा पुंजका फिरवावा आणि अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारावी. तंतू अडकला किंवा बारीक टकटक ऐकू आली, तर ती त्याच दिवशी बोटातून काढून दुरुस्तीला द्यावी.

दुसरी चूक स्वच्छतेची आहे. चुलीची राख आणि टूथपेस्ट या दोन्हींत खरखरीत कण असतात. ते हिऱ्याचे काही बिघडवत नाहीत, पण सोन्याची झिलई घालवतात. हिऱ्याला स्निग्ध पदार्थ फार लवकर चिकटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत चरबी फासलेल्या उतरत्या फळ्यांवरून खडी वाहू देऊन हिरे वेगळे काढत, ते याच गुणामुळे. म्हणून उटणे, तेल आणि कणीक यांचा थर हिऱ्याच्या मागच्या बाजूला बसतो आणि खडा निस्तेज दिसतो. वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अंगठी वीस मिनिटे भिजू द्यावी आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने मागून घासावी. हे काम मोरीत कधीही करू नये. खारपाणपट्ट्यातील गावांत शेवटची विसळण कॅनच्या पाण्याने करावी, कारण तिथले खारे पाणी वाळले की पांढरे डाग मागे ठेवते. वीस मिनिटे थांबायचा धीर नसलेल्यांनी अंगठी मळकी ठेवलेली बरी.

ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे द्रावण हाताळताना अंगठी काढलीच पाहिजे. अठरा कॅरेटमध्ये पाऊण भाग सोने आणि उरलेल्या पाव भागात तांबे, चांदी किंवा निकेलसारखे धातू असतात. क्लोरीन त्यांना खाते आणि काट्यांना चिरा जातात. धान्यात घालायच्या पारद-टिकड्यांनाही अंगठीच्या हाताने शिवू नये, कारण पारा सोन्यात मुरतो.

बोट सुजले म्हणून ‘उभ्या उभ्या मोठी करून द्या’ असा आग्रह धरणाऱ्यांचा मला राग येतो. डाक देताना, म्हणजे कापलेला सांधा आगीने तापवून जोडताना, हिरा उघडा राहिला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका पडतो, कारण हिरा शेवटी कार्बनच आहे. खड्यातील भेग काचेने भरलेली असेल तर ती काचही उष्णतेने बिघडते. त्यामुळे हिरा काढणार की झाकणार, हे कारागिराला आधी विचारावे, आणि तो उत्तर टाळत असेल तर अंगठी परत घ्यावी.

व्हाइट गोल्ड वर्ष-दोन वर्षांत पिवळसर दिसू लागले तर घाबरू नये. वरचा रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा झिजलेला असतो, तो पुन्हा चढवता येतो. हिऱ्याची अंगठी इतर दागिन्यांबरोबर एका डबीत ठेवू नये, कारण ती बाकीच्यांना ओरखडते.

अंगठी काढल्यावर ती कुठे ठेवायची, हे मात्र आधी ठरवावे. पदराच्या गाठीत बांधलेल्या आणि गाठ सोडताना शेतात पडलेल्या अंगठ्यांच्या हकिगती मी दरवर्षी ऐकतो. आमच्या घरी त्यासाठी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात झाकणाची स्टीलची डबी आहे, आणि कणकेला हात लावण्यापूर्वी अंगठी तिच्यात जाते.