रात्री करंट कोण पितंय?

पाडव्याला गाडी दारात आली आणि नागपंचमीपर्यंत तिची बॅटरी तीनदा उतरली. तिसऱ्या वेळी आम्ही नरसोबाच्या वाडीला निघालो होतो. गुरुवार, सकाळचे सहा, डब्यात पेढे, आमचे हे पुढे बसलेले. बटण दाबलं तर टक-टक-टक-टक असा आवाज, मीटरमधले झाडून सगळे दिवे एकदा नाचले आणि गाडी गप्प. शेवटी लालपरीनं गेलो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर तिन्ही वेळा एकच: "मॅडम, गाडी चालवत जा. वापर कमी पडतो तुमचा." आता मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढलेली बाई. त्यातली बरीचशी एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. ३१ जानेवारी २०२०ला व्हीआरएस घेऊन जे हजारो लोक एकदम बाहेर पडले त्यांतली मी एक. एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालायचं, म्हणजे २ व्होल्टचे २४ सेल ओळीनं मांडलेले. रोज सकाळी व्होल्टेज बघायचं, हायड्रोमीटरनं ॲसिडची ग्रॅव्हिटी (दाटपणा) घ्यायची, रजिस्टरात लिहायचं. सुती साडीवर ॲसिडचा थेंब उडाला तर तेव्हा कळायचं नाही, धुतली की भोक दिसायचं. नवी बॅटरी चार दिवसांत आपोआप उतरत नाही. कुणीतरी ती पीत असतं किंवा कुणीतरी ती भरत नसतं, हे मला माहीत होतं. तरी तीन-चार महिने मी सर्व्हिस सेंटरच्या पोराचं ऐकत बसले.

तर ज्यांची गाडी वर्षाचीही झालेली नाही आणि बॅटरी दुसऱ्यांदा उतरली आहे, त्यांच्यासाठी हे.

आधी दारातली अडचण. जम्पर केबल लावताना हातातल्या बांगड्या, अंगठ्या, लोंबणारं मंगळसूत्र काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण सोन्याची बांगडी एका बाजूला प्लसला आणि दुसऱ्या बाजूला बॉडीला टेकली तर लाल व्हायला क्षण पुरतो. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या एखाद्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो, म्हणून लांब. काढताना उलट्या क्रमानं. ट्रकवाला मदतीला धावून आला तर त्याचे आभार माना आणि केबल नको म्हणा. त्याच्याकडे २४ व्होल्ट असतात. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काही होत नाही. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर नारिंगी वायरींच्या जवळही जाऊ नका, आधी गाडीचं पुस्तक उघडा.

गाडी चालू झाली की सगळे म्हणतात, पंधरा मिनिटं चालू ठेवा, भरेल. भरत नाही. आमची बॅटरी ३५ एएचची (अँपियर-अवर, ढोबळमानानं एक अँपियर करंट ३५ तास पुरेल एवढी). पूर्ण उतरलेली ३५ एएचची बॅटरी भरायला साडेतीन अँपियरनं दहा-बारा तास लागतात. जागेवर उभं इंजिन, त्यात एसी आणि पंखा चालू, यातून तिच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? बॅटरीच्या दुकानात देऊन रात्रभर सावकाश चार्ज करून घ्या. हे न करता पुढची कुठलीही तपासणी केली तर ती फुकट, कारण अर्धवट भरलेली बॅटरी टेस्टिंग मशीनवर हमखास नापास तरी होते किंवा मशीन 'चार्ज करून पुन्हा तपासा' एवढंच सांगतं. आणि उतरलेल्या अवस्थेत तिला दिवसेंदिवस ठेवू नका. आत प्लेटांवर सल्फेट बसून घट्ट होतं, ते नंतर पूर्णपणे सुटत नाही.

दहा नंबरचा पाना घेऊन टर्मिनल घट्ट आहेत का तेही याच वेळी बघा. हातानं पिळून टर्मिनल जरासुद्धा फिरलं तर ते ढिलं. नव्या गाडीत असं नसतं असं समजू नका.

आता रजिस्टर. खरं काम इथंच आहे आणि नेमकं हेच करायचा कंटाळा येतो. शंभरपानी वही घ्या. तारीख, वेळ, व्होल्टेज, गाडी किती दिवस उभी होती, आदल्या दिवशी किती किलोमीटर चालली. मल्टिमीटर चार-पाचशेत मिळतो. डीसी २० व्होल्टला ठेवायचा, लाल काडी प्लसवर, काळी मायनसवर. रोज सकाळी एकाच वेळी, गाडी चालू करायच्या आधी. संध्याकाळी फिरून आल्याबरोबर मोजलं तर आकडा फसवा येतो, गाडी रात्रभर थंड पडू द्या. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.०च्या खाली तिच्या भरवशावर लग्नाला निघू नये.

माझ्या वहीत एका आठवड्यात, गाडी अजिबात न हलवता: सोमवार १२.५८, मंगळवार १२.४३, बुधवार १२.२९, गुरुवार १२.१३. रोज साधारण पंधरा पॉइंट, म्हणजे ०.१५ व्होल्ट. एवढी शिस्तीत बॅटरी म्हातारपणानं उतरत नाही. मग आधीच्या तीन वेळांच्या तारखा रोडसाइड असिस्टन्सच्या मेसेजमधून काढल्या. तिन्ही वेळा गाडी चार किंवा पाच दिवस उभी होती. पहिल्या वेळी पुण्याला लेकीकडे, दुसऱ्या वेळी ह्यांचा ताप, तिसऱ्या वेळी नुसता पाऊस.

पण भरणाराच आळशी असेल तर? तेही बघितलं. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी लावून बॅटरीवर १४.२ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा, ठणठणीत. साधारण १३.८ ते १४.७मध्ये असलं की बरं. हल्लीच्या काही गाड्यांत अल्टरनेटर हुशार असतो, बॅटरी भरली की मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो. एकदा १३ दिसलं म्हणून घाबरू नका, दिवे लावून पुन्हा बघा. आणि 'वापर कमी' म्हणणाऱ्यांना एक हिशोब सांगा. सेल्फ मारताना एक सेकंद १५० अँपियर गेले तरी ते ०.०४ एएच होतात. तेवढं आमच्या सांगलीत विश्रामबागहून गणपती पेठेपर्यंत जाताना भरून निघतं. रोज सहा एएच जात असतील तर वापर वाढवणं म्हणजे गळक्या हंड्यात जास्त पाणी ओतणं.

म्हणून गळती मोजायची. हे रविवारी दुपारी निवांत करा, घाईत मीटर जळतो. मीटरची लाल काडी १० अँपियरच्या भोकात. बॉनेट उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केलं की गाडीला वाटतं बॉनेट लागलं (नंतर लिव्हर ओढून ते आठवणीनं सोडवा, नाहीतर बॉनेट बसणारच नाही). दारं लॉक, चावी घरात लांब. मायनस टर्मिनल ढिलं करा, पण ते उचलण्याआधी मीटरची एक काडी मायनसच्या खुंटीला आणि दुसरी त्या केबलला चिमट्यानं लावा, मग टर्मिनल अलगद उचला. करंट आता मीटरमधून जातो आणि मधे तुटत नाही, त्यामुळे गाडी दचकून जागी होत नाही. यानंतर दार उघडायचं नाही, आणि गाडी चालू तर मुळीच करायची नाही. सेल्फचा करंट मीटरचा फ्यूज उडवतो. हे जमणार नाही वाटलं तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डीसी क्लॅम्प मीटर असतो, टर्मिनल न काढता काम होतं.

मी स्टूल आणि चहा घेऊन बसले. सुरुवातीला मीटरवर तीन अँपियरच्या वर. काही मिनिटांनी ०.८. गाडीचे एकेक कॉम्प्युटर झोपत जातात, पूर्ण झोपायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. ०.०२ ते ०.०५वर थांबलं तर गाडी निर्दोष. आमची ०.२४वर थांबली ती थांबलीच. २४ तासांचे पावणेसहा एएच. चार दिवसांत तेवीस, म्हणजे ३५च्या बॅटरीतलं निम्म्याहून जास्त. वहीशी जुळलं.

चोर शोधताना मी आधी चुकले. चावी पोर्चलगतच्या खिळ्याला असायची, आणि चावी जवळ असली की काही गाड्या झोपत नाहीत असं ऐकलेलं. चावी स्वयंपाकघरात नेली, दोन दिवस मोजलं, आकडा तसाच पडत राहिला. मग एका रात्री अकराला फाटकाचं कुलूप बघायला गेले तर अंधारात काचेवर, आरशाच्या मागे, डाळीच्या दाण्याएवढा निळा दिवा. डॅशकॅम! डिलिव्हरीच्या वेळी 'ॲक्सेसरी पॅक'मध्ये बसवून दिलेला. दुसऱ्या रविवारी पुन्हा मीटर लावला, काचेतून हात घालता यावा म्हणून खिडकी आधीच उघडी ठेवली, आणि गाडी झोपल्यावर कॅमेऱ्याची पिन ओढली. ०.२४चे ०.०३ झाले.

असा चोर तुमच्याकडे वेगळा असेल: बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावून विसरलेलं एखादं यंत्र, न विझणारा डिकीतला दिवा. दिसत नसेल तर फ्यूज एकेक करून उपटत बसू नका, त्यानं गाडी पुन्हा जागी होते. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. त्यांवर मिलिव्होल्टमध्ये काड्या टेकवा. गाडी झोपलेली असताना जिथे शून्याऐवजी काही दिसतं, त्या वाटेनं करंट जातोय.

आमचा कॅमेरा 'डायरेक्ट'वर जोडलेला, म्हणजे गाडी बंद असली तरी करंट येणाऱ्या फ्यूजवर. तो इग्निशनच्या फ्यूजवर घ्यायला पाऊण तास पुरतो. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग हवंच असेल तर व्होल्टेज पडलं की स्वतःहून बंद होणारं किट लावा आणि ते १२.२च्या खाली सेट करू नका. ११.६ला बंद होणारी किट मिळतात, ११.६ला तुमची बॅटरी आधीच मेलेली असते.

वायर मात्र मी स्वतः कापली नाही. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला कात्री लागली की समोरच्याला आयतं कारण मिळतं. सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा ॲडव्हायझर जॉब कार्डवर 'बॅटरी चेक' लिहीत होता. तसं लिहू देऊ नका. बॅटरी चेक होते, ओके येते, गाडी धुऊन परत. मी त्याला सांगून लिहून घेतलं: 'चार दिवस उभी राहिल्यावर चालू होत नाही. गाडी रात्रभर ठेवून स्लीप करंट मोजावा, आकडा लेखी द्यावा.' तो म्हणाला, "मॅडम, बाहेरचं सामान लावलं की वॉरंटी जाते." मी ॲक्सेसरीचं बिल काढलं. त्यांचंच होतं, जीएसटीसकट. वर वहीच्या पानांचे फोटो त्याच दिवशी ईमेल केले. तोंडी भांडणाला पुरावा नसतो. तारखेसकट मेल आणि जॉब कार्डच्या प्रती ठेवल्या की पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करताना किंवा जिल्हा आयोगात जाताना हातात काहीतरी असतं. आयोगाची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

कॅमेरा त्यांनी हलवला. बॅटरी मात्र "चार्ज केली, ठीक आहे" म्हणून परत देत होते, आणि इथं अडून बसायचं असतं. चोर पकडला तरी तीन वेळा तळाला गेलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पूर्ण चार्ज करून टेस्टरची छापील पट्टी मागितली: लेबलवर सीसीए (थंडीत सेल्फ मारायला बॅटरी किती करंट देते तो आकडा) ३२०, मशीननं दाखवले १९०. बॅटरीची वॉरंटी बहुधा गाडीच्या कंपनीची नसते, बॅटरीच्या कंपनीची असते. तिचं कार्ड आणि बॅटरीवरचा नंबर शोधून ठेवा. बदलून मिळाली तर नवी मुदत मिळते की जुनीच उरलेली, ते तिथंच विचारा. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम नावाची जास्त दमाची बॅटरी लागते. स्वस्तातली साधी बसवून घेऊ नका. बॅटरी काढताना मायनस आधी सुटतो, बसवताना मायनस शेवटी लागतो. नंतर घड्याळ आणि खिडक्यांची एका दाबात वर जायची सोय पुन्हा शिकवावी लागते.

महिनाभर गाव सोडणार असाल तर मायनस काढून ठेवा, पण चावीच्या आत लपवलेली लोखंडी चावी कुठल्या भोकात जाते ते आधी करून बघा. विजेशिवाय डिकी उघडत नाही हे आमच्या शेजारच्या काकांना बॅगा आत राहिल्यावर कळलं.

परवा पुण्याहून नऊ दिवसांनी आलो. हे म्हणाले, आधी मीटर लाव. १२.५०. वहीत लिहिलं आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.