दवबिंदू बघायला होडीने निघालात? या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीतून होडी चालली की बरेचजण कांदळवनाच्या चिखलातच कीटकभक्षी झाडं शोधू लागतात. पहिली चूक तीच. तिथलं पाणी खारं. दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी झाडांना लागतं पावसाचं गोडं पाणी, जांभ्यावरची बोटभर माती आणि भरपूर ऊन. त्या मातीत नत्र फार थोडं, म्हणून तर ही झाडं किडे धरतात. तेव्हा होडी काठाला लावा आणि सडा, म्हणजे वरचं जांभ्याचं पठार, चढा.

सड्यावर उभ्याने शोधलंत तर काही दिसणार नाही. मीही पहिल्या खेपेला तासभर नुसता फिरलो. उकिडवं बसून सूर्याच्या दिशेने बघितलं तेव्हा दवबिंदूच्या पानांच्या लालसर केसांवरचे थेंब चमकले. खरं दव उन्हाने वाळतं, हे चिकट थेंब दहा वाजले तरी तसेच असतात, हीच ओळख. पानाला बोट लावू नका, मुंगी आणून टाकू नका. पाय ठेवायचा तो उघड्या काळ्या कातळावर. ओल्या मातीवर एक पाऊल पडलं की त्याखाली कितीतरी रोपं चिरडतात.

सीतेच्या आसवांचा निळा गालिचा सप्टेंबरात सगळे बघतात. सापळा मात्र मातीखाली असतो, इवल्या फुग्यांचा. सूक्ष्म जीव केसाला लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात फुगा त्याला आत ओढतो. तो बघायला रोप उपटलंत तर फुगे मातीतच तुटून राहतात. त्यापेक्षा गोड्या पाण्याच्या तळीत पिवळ्या फुलांची तरंगती जात शोधा. तिला मूळच नसतं, फुगे पाण्यात सरळ दिसतात. वल्हं मात्र लांब ठेवा, तिचा गुंता लगेच ओढला जातो.

आता परतीचं. भरतीची वेळ न बघता निघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यानंतर सहा तासांनी पुरती ओहोटी. होडी रुतलीच तर खाली उतरू नका, चिखल मांडीपर्यंत गिळतो. बांबूने रेटून बघा. हलली नाही तर बसून राहा, पाणी चढलं की ती आपसूक सुटते.