सोयाबीनचे वाण निवडा रब्बीकडे बघून

देपालपूर, सांवेर, महूकडे जमीन असलेल्या इंदूरच्या मराठी घरांत जून लागला की एकच चर्चा: यंदा कोणते सोयाबीन? त्याआधी एक ठरवून टाका, सोयाबीन निघाल्यावर त्या वावरात काय लावणार?

बटाटा किंवा लसूण लावायचा असेल, तर ८५-९० दिवसांत निघणारे जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ घ्या. मात्र जेएस ९५-६० पिवळ्या मोझॅइक या विषाणू रोगाला लवकर बळी पडते, तेव्हा तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर नजर हवी. मागाहून गहू असेल आणि जमीन भारी काळी, तर जेएस २०-६९ किंवा त्याहून थोडे लांबणारे जेएस ९७-५२ बरे. मोझॅइकपुढे ही दोन्ही टिकतात. इंदूरच्याच सोयाबीन संस्थेने काढलेले एनआरसी ३७ म्हणजे ‘अहिल्या-४’. तेही उशिरा निघणारे.

आता बियाणे तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. पाच-सहा दिवसांनी निदान ७० दाण्यांना तरी सरळ, धडधाकट मोड दिसायला हवेत. कमी आले तर बी बदला. आणि पोती आपटू नका. सोयाबीनची साल पातळ असते, आतला अंकुर तेवढ्यानेही दुखावतो.

मृगाच्या पहिल्या सरीवर तिफण जुंपायची घाई नको. १०० मिमी, म्हणजे चार इंच पाऊस मुरू द्या, वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल ओसरून जमीन पेरणीजोगी ओलसर होऊ द्या. आपल्याकडे २० जून ते ५ जुलै हा उत्तम काळ, म्हणजे जवळपास अख्खे आर्द्रा नक्षत्र. पाणी देऊन लवकर येणारे वाण त्याआधीच पेरले, तर शेंगा सप्टेंबरच्या पावसात पिकतात आणि दाणा काळा पडतो. ही चूक उशिराच्या पेरणीइतकीच महागात पडते, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

उशीर झालाच तर? सोयाबीन दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान होऊ लागले की झाड बुटके असले तरी फुलावर येते. खोडावरची पेरे कमी, म्हणून शेंगाही कमी. अशा वेळी लांब मुदतीचे वाण बाजूला ठेवून लवकर येणारे घ्या. ओळींतले अंतर ४५ ऐवजी ३० सेंमी ठेवा, बियाणे सव्वापट टाका. बी मात्र २-३ सेंमीपेक्षा खोल नको.

सगळे शेत एकाच वाणाखाली घालू नका. पाच एकरांत तीन एकर मध्यम मुदतीचे आणि दोन एकर लवकरचे, असे केले की कापणी पुढे-मागे होते. नाहीतर हार्वेस्टर अख्ख्या गावाला एकाच आठवड्यात हवा असतो, आणि तो येईस्तोवर वाळलेल्या शेंगा वावरातच फुटतात.