पाणी अर्जाची तयारी: जाहीर प्रगटन निघायच्या आधी काय काय करून ठेवायचं

कालव्याच्या पाण्यासाठी अर्ज मागवणारं पाटबंधारे खात्याचं रब्बीचं जाहीर प्रगटन निघालं की दरवर्षी तेच होतं, तलाठ्याकडे गर्दी, झेरॉक्सच्या दुकानात गर्दी आणि शेवटच्या दिवशी सिंचन शाखेच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. पाटबंधारे खात्याच्या हिशोबात रब्बी १५ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी आणि उन्हाळी १ मार्च ते ३० जून, हे काय आपल्याला आज कळत नाही, मग गणपती उठले की लगेच कागदाला लागा ना. अर्ज नमुना नंबर ७ वर असतो आणि तो भरायला दहा मिनिटं लागतात, पण त्या दहा मिनिटांच्या मागे जे लागतं त्याला महिना जातो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी सातबारा काढा, या वर्षीचा, जुना चालणार नाही, आणि घरी बसून नीट वाचा. त्यावर नाव कोणाचं आहे, गट नंबर तोच आहे का, वाटणी झाली असेल तर पोटहिस्सा पडलाय का, आणि पीकपाहणीला गेल्या वर्षी काय लागलंय. नुसता कागद जोडायचा म्हणून काढू नका. अर्जावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि खात्याच्या थकबाकीच्या वहीतलं नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत, अर्ज अडतो तो इथेच.

आमच्या घरचंच सांगतो. आजोबा गेले त्यानंतर वारसनोंद करायची राहून गेली, आज करू उद्या करू करत चार वर्षं गेली. वडिलांनी पाणी अर्ज स्वतःच्या नावाने दिला, सातबारा आजोबांच्या नावाचा जोडला, आणि पाणीपट्टीची मागची बाकी पण आजोबांच्याच नावावर निघाली जी घरात कोणाला माहीतच नव्हती. अर्ज परत आला तोवर मुदत संपली होती. गहू पोटरीत आला तेव्हा चारी, म्हणजे कालव्यातून रानाकडे पाणी आणणारा छोटा पाट, भरून वाहत होती, शेजारच्या गटात पाणी चाललेलं बांधावरून दिसत होतं आणि आमच्या गटाला पाळी नव्हती, कारण पास, म्हणजे पाणी मंजुरीचा कागद, नव्हता. वडील रोज संध्याकाळी जाऊन त्या बांधावर उभे राहायचे. त्या वर्षी दाणा भरला नाही. म्हणून वारसनोंद बाकी असेल तर आजच तलाठ्याकडे अर्ज टाका, आणि नोंद होईपर्यंत बाकीच्या वारसांचं संमतीपत्र चालेल का हे शाखेत आधी विचारून ठेवा, मुदतीच्या शेवटच्या दिवशी नाही.

मग थकबाकी. शाखेत जाऊन आपला गट नंबर सांगा आणि किती बाकी आहे ते लिहून घ्या, अंदाजावर राहू नका. पाणीपट्टीवर २० टक्के स्थानिक उपकर पण लागतो तो लोक विसरतात आणि मग भरलेली रक्कम कमी पडते. पैसे भरले की पावती घ्या, पावतीवर गट नंबर बरोबर आहे का ते खिडकीसमोरच बघा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा कारण ती कागदी पावती वर्षभरात उडून जाते. बाकी निघाली आणि ती चुकीची वाटत असेल तर तोंडी भांडू नका, जुन्या पावत्या जोडून लेखी द्या.

अर्जात पीक आणि क्षेत्र खरं लिहा. क्षेत्र बऱ्याच ठिकाणी २० आरच्या पटीत मागावं लागतं ते प्रगटनात वाचा. कमी लिहून जास्त भिजवलं तर पंचनामा होतो आणि जादा दराने आकारणी होते, थोडक्यासाठी मोठा भुर्दंड. अर्ज दिला की पोच घ्याच, तारीख आणि शिक्क्यासकट, पोच नसली तर आपण अर्ज दिला होता हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा, अर्ज दिला म्हणजे पाणी मंजूर झालं असं नाही. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते बघून, पिण्याचं पाणी बाजूला काढून, मग कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या फेऱ्या, किती सोडायची ते ठरतं. साठा कमी असेल तर क्षेत्र कापलं जातं. म्हणून बैठकीत काय ठरलं ते कळल्याशिवाय उसाची लागण करू नका, हरभऱ्यावर भागवता येईल का ते बघा. मंजुरी झाली की पास हातात घ्या, चारीवर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला तोच दाखवायचा असतो. आणि आपली शेतचारी आधी साफ करून ठेवा, चारीत गवत असेल तर पाळी येते तेव्हा निम्मं पाणी तिथेच मुरतं आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला काही उरत नाही.

तुमची चारी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेकडे असेल तर रस्ता वेगळा. २००५ च्या कायद्यांनंतर संस्थेला हक्काचं पाणी मोजून मिळतं, घनमीटरमध्ये, आणि तुमची मागणी संस्थेकडे जाते, खात्याकडे नाही. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी अशा संस्था करून पाण्याचा सगळा कारभार हातात घेतला, जमलं तर एकदा जाऊन बघून या, मला तरी त्याच्यात फार दम वाटतो. संस्थेत सभासद आहात का, वर्गणी भरलीये का, एवढं आधी तपासा.

नदीवरून किंवा धरणाच्या बॅकवॉटरमधून मोटरने उचलायचं असेल तर ती उपसा परवानगी, आणि तिथे कागद जास्त लागतात. सातबारा आणि आठ अ (खातेउतारा), गावनकाशावर पाणी उचलायची जागा आणि पाईपलाईनची खूण, मोटर किती एचपीची, किती क्षेत्र भिजणार, आणि पाईपलाईन ज्यांच्या रानातून जाणार त्यांची संमती. संमती कोणी देत नसेल तर महसूल संहिता १९६६ चं कलम ४९ आहे, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पाईप जमिनीखाली निदान अर्धा मीटर तरी घालावा लागतो. आधी परवानगी मग पाईप, हा क्रम मोडू नका, महावितरणकडे नदीवरच्या कनेक्शनचा ए-१ फॉर्म भरताना तीच परवानगी मागतात. जुनी परवानगी असेल तर मुदत कधी संपते ते बघा. विहीर घ्यायची असेल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदू नका.

दिरंगाई झाली तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कार्यालयातल्या फलकावर आपली सेवा आणि किती दिवसांची मुदत ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढा. त्या यादीतली सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं आणि आपल्याला अपील करता येतं.

शेवटचं म्हणजे भिजलेल्या क्षेत्राची मोजणी. मोजणीला माणूस येतो तेव्हा घरचं कोणीतरी रानात असलंच पाहिजे, टेपचं दुसरं टोक स्वतः धरा आणि त्याने वहीत जेवढे आर लिहिले तेवढे तिथेच आपल्या वहीत उतरवून घ्या, तारीख टाकून. बिल त्याच आकड्यावर येतं.