दावा लावायच्या आधी कोर्टाचं अधिकारक्षेत्र कसं तपासायचं

"कोर्टाला पॉवरच नाही" हे वाक्य आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथेच होतो. अधिकारक्षेत्र म्हणजे ही केस या कोर्टाने ऐकायची की नाही. अधिकार म्हणजे ऐकायला घेतल्यावर ते काय काय करू शकतं. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर खटला रीतसर चालतो, पण कैद देता येते ३ वर्षांपर्यंतच, जास्त द्यायला हवी असं वाटलं तर केस मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. क्षेत्र आहे, पण अधिकाराला मर्यादा.

दिवाणी दाव्यात आधी विषय बघा, काही वाद कायद्यानेच दुसऱ्या कोर्टाकडे दिलेत, उदा. घटस्फोट, जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्याच न्यायालयात. मग दाव्याची किंमत, म्हणजे तेवढ्या रकमेचा दावा त्या कोर्टाला ऐकता येतो का. मग जागा, आणि इथे खरंच नीट लक्ष द्या. पैशाचा दावा प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण (ज्या घटनेवरून दावा आहे ती) जिथे घडलं तिथे लावता येतो, पण जमीन-घराच्या मालकीचा किंवा वाटपाचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथेच, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम १६. दोघं भाऊ पुण्यात राहतात म्हणून नाशिकच्या शेताचं वाटप पुण्याच्या कोर्टात मागता येत नाही, दोघांनी तसं लिहून दिलं तरी नाही. २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात प्लॉट गुडगावचा आणि दावा दिल्लीत होता, करारात दिल्ली लिहिलेलं, प्रतिवादीने सुरुवातीला हरकतही घेतली नव्हती, तरी दिल्लीच्या कोर्टाला क्षेत्र नाही असंच ठरलं. इतकी वर्षं चाललेला दावा परत पहिल्या पायरीवर, वाईट वाटतं वाचताना.

निकाल विरोधात गेला की हाच फरक परत कामाला येतो. क्षेत्र असलेल्या कोर्टाने चूक केली तर अपील करा, तोवर तो निकाल बंधनकारकच. विषयाचं क्षेत्रच नसेल तर हुकूमनामा (दाव्यातला कोर्टाचा अंतिम आदेश) शून्य, ही हरकत अंमलबजावणीच्या वेळीही घेता येते.

आणि चुकीच्या कोर्टात गेलाच असाल तर घाबरू नका, कोर्ट वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) परत देतं, त्यावर दाखल केल्याची तारीख, परत दिल्याची तारीख आणि कारण लिहिलेलं असतं, तो शेरा आणि त्याची प्रत जपून ठेवा, कारण प्रामाणिकपणे आणि निष्काळजीपणा न करता तिथे घालवलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली दावा लावायच्या मुदतीतून वगळून मागायचा असेल तर पहिल्यांदा तेच दाखवावं लागतं.