पिकअपचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक आहे? स्टड न मोडता कसा बदलायचा

सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं की बोनेटखालून टिक-टिक येतं, रेस दिली की फास्ट होतं आणि घोडबंदर रोडला लागेपर्यंत गायब, असं होत असेल तर बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच लीक आहे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला (हेडला) बसवलेला, सिलिंडरमधला जळका गॅस गोळा करून पुढे नेणारा भाग. लोखंड तापून फुगतं, फट तात्पुरती बुजते, म्हणून आवाज जातो. बरेच जण हा टॅपेटचा (व्हॉल्व्हजवळचा) आवाज समजून भलताच खर्च करून बसतात. टॉर्च मारून हेड आणि मॅनिफोल्डच्या जॉइंटला बघा, काळी काजळी पसरलेली दिसली की विषय संपला.

आपल्याकडच्या फोर बाय फोर पिकअप, म्हणजे गेटअवे, व्ही-क्रॉस, हायलक्स, सगळ्या चार सिलिंडरच्या टर्बो डिझेल. मॅनिफोल्ड एकच असतो, अमेरिकन व्ही-एटसारखे दोन नाही, पण त्या एकावर टर्बो (त्याच गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लटकलेला असतो त्यामुळे फार खूश होऊ नका. लीक असला की टर्बो फिरवायचा गॅस आधीच बाहेर सटकतो, म्हणून गाडीची ओढ कमी होते, माळशेजच्या चढाला काळा धूर येतो. आणि तो गॅस केबिनमध्ये शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा "चालतंय साहेब अजून" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका.

मॅनिफोल्ड बहुतेक बिडाचा असतो. तापलेला असताना पावसात खोल पाण्यात गाडी घातली की तडकू शकतो, आणि खाडीच्या हवेत मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे नट-स्टड (स्टड म्हणजे आट्यांचे बिनडोक्याचे दांडे) गंजून एकजीव होतात ते वेगळंच. खरं काम तिथेच आहे, बाकी नुसती खोलाखोली.

म्हणून आदल्या रात्री गार इंजिनवर प्रत्येक स्टडला पेनिट्रेटिंग ऑइल (गंज सोडवणारं) मारा, सकाळी परत मारा. गरम मॅनिफोल्डवर मारायचं नाही, पेट घेऊ शकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नाहीतर उघड्या बोनेटचा फोटो ग्रुपवर फिरतो.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा, गाडी जॅक स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही), त्या बाजूचं पुढचं चाक आणि मडगार्डच्या आतलं प्लास्टिक काढलं तर बऱ्याच गाड्यांत बाजूने हात जातो. मग हीट शील्ड, ईजीआरचा (थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात नेणारा) पाइप, टर्बोचे होज, ऑइलची लाइन, टर्बो पाण्याने थंड होणारा असेल तर आधी कूलंट काढून त्याची लाइन, आणि शेवटी डाउनपाइप (टर्बोपासून सायलेन्सरकडे जाणारा). प्रत्येक होजला टेप लावून नंबर टाका, ऑइलच्या भोकांत स्वच्छ फडका कोंबा, कारण एक खडा आत गेला की टर्बो गेला.

आता नट. सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरा, बारा कोनी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. थोडा सोडा, परत थोडा आवळा, ऑइल मारा, परत सोडा. करकर आवाज येत सुटत असेल तर ठीक, पण पाना रबरासारखा लवचिक वाटायला लागला की थांबा, स्टड पिळवटतोय आणि पुढच्या झटक्याला तुटणार. तुटलाच आणि टोक बाहेर असेल तर त्यावर नट वेल्डिंग करून काढतात, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सुटलेली आहे ना ते बघा. आतच तुटला तर मात्र स्वतः ड्रिल मारू नका, आजकाल बरीच हेड ॲल्युमिनियमची, ड्रिल जरा वाकडं गेलं की आटे गेले.

मॅनिफोल्ड उतरला की स्टीलची पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. मॅन्युअलमधल्या लिमिटपेक्षा वाकलेला असेल आणि तडा नसेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटला किंवा नवी मुंबईच्या रबाळे-पावणे एमआयडीसीत एखाद्या मशीन शॉपमध्ये फेसिंग मारून (घासून सपाट करून) मिळेल. तडा असेल तर नवाच घ्या, बिडाला वेल्डिंग करून देणारे भेटतात पण ते फार टिकत नाही. कुर्ल्याच्या भंगारातून आणणार असाल तर दोन पोर्टच्या मधली जागा आणि टर्बोचा फ्लँज नीट घासून बघा, तडे तिथेच लपतात.

हेडची बाजू प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा, ग्राइंडर नको. पॅकिंग (गॅस्केट), स्टड, नट, ऑइल लाइनचे कॉपर वॉशर सगळं नवीन. सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका, टर्बोच्या आधीचा गॅस पाचशे-सहाशे डिग्रीच्याही वर जातो, तिथे ते जळून जातं. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच.

स्टार्ट करायच्या आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, लाइन जोडा, कूलंट भरा, आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून थोडं सेल्फ मारा म्हणजे टर्बोपर्यंत ऑइल पोचेल. डॅशवर चेक लाइट लागली तर नंतर स्कॅनरने काढता येते. पहिल्यांदा तापल्यावर थोडा धूर येतो, तो सांडलेल्या ऑइलचा, घाबरू नका, पण थांबत नसेल तर टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप बघा. खरी टेस्ट दुसऱ्या दिवशीच्या गार स्टार्टला. आणि हीट शील्ड खडखडते म्हणून फेकून देऊ नका, बाजूच्या वायरिंगला आणि होजला तेवढंच एक संरक्षण असतं.